काळे पडलेले बिल आणि दुकानाच्या संगणकातला क्रमांक

पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात असलेल्या विजेच्या उपकरणांच्या एका दुकानातून मी यंदा गुढीपाडव्याला आईसाठी साडेसातशे वॅटचा, तीन भांड्यांचा मिक्सर घेतला. तो एकोणिसाव्या दिवशी बंद पडला आणि त्या वेळी दाखवण्याजोगे बिल आमच्याकडे नव्हते. त्यानंतरच्या आठ-नऊ दिवसांत त्या दुकानाने आणि मिक्सरच्या कंपनीच्या सेवा केंद्राने आम्हाला जी वागणूक दिली, तिचे हे परीक्षण आहे. शेवटी वस्तू बदलून मिळाली आणि दुकानाच्या मालकांनी आपल्या माणसांची चूक मनापासून मान्य केली, म्हणून दुकानाचे नाव मी येथे देत नाही. परंतु बिल नाही एवढ्या एका कारणावरून सदोष वस्तू घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवण्याची रीत इतकी सर्रास झाली आहे, की हा अनुभव सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

आधी बिलाचे काय झाले ते सांगते. आई-बाबा साताऱ्याला राहतात. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले असून घरातल्या प्रत्येक बिलाला भोक पाडून ते फायलीला लावण्याची त्यांची चाळीस वर्षांची सवय आहे. अलीकडे दुकानांतून मिळणारी गुळगुळीत कागदाची बिले काही महिन्यांत पुसट होतात, हे त्यांनी फ्रिजच्या बिलावरून पाहिले होते. म्हणून या वेळी ते मुद्दाम पोवई नाक्याजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि मिक्सरचे बिल त्यांनी लॅमिनेट करायला दिले. यंत्राच्या एका बाजूने पांढरा कागद आत गेला आणि दुसऱ्या बाजूने कोळशासारखा काळा होऊन बाहेर आला. अशा कागदावर शाई नसते. कागदाला दिलेल्या लेपातील रंगद्रव्य उष्णतेने काळे होते आणि छपाईचे यंत्र नेमक्या जागी उष्णता देऊन त्यावर अक्षरे उमटवते. लॅमिनेशनचे यंत्र शंभर अंशांहून अधिक तापलेले असल्यामुळे अक्षरे आणि मोकळी जागा दोन्ही सारखीच काळी झाली. बाबांनी ते काळे बिलही फेकून न देता फायलीत लावून ठेवले. ज्यांच्या घरी अशी बिले आहेत त्यांनी ती लॅमिनेट करू नयेत, प्लास्टिकच्या पिशवीत किंवा गॅसजवळही ठेवू नयेत. घरी आल्या आल्या त्यांची साध्या कागदावर झेरॉक्स काढावी आणि मोबाइलवर फोटो घेऊन ठेवावा.

आता वस्तूतला दोष. आईने दहीवड्यांसाठी उडदाची डाळ भिजवली होती. मधल्या भांड्यात ती वाटताना मिक्सरचा आवाज जड येत होता, म्हणून तिने झाकण उघडून पाहिले, तर पांढऱ्या शुभ्र पिठात पात्याच्या बुंध्यापासून निघालेली एक काळी, तेलकट रेघ गोल फिरलेली होती. भांडे उचलल्यावर त्याच्या बुडाशी काळपट पाणी साचलेले दिसले आणि खालच्या कपलरवरही, म्हणजे मोटरची गती पात्याला देणाऱ्या चकतीवरही, ते ओघळले होते. तिने सगळे पुसून घेतले, मिक्सरच्या तळाचे लाल बटण दाबले आणि चटणीच्या भांड्यात मूठभर शेंगदाणे घालून पाहिले. मोटर दोन सेकंद घुमली, जळका वास आला आणि मिक्सर बंद पडला तो पडलाच. ते सगळे पीठ तिला टाकून द्यावे लागले. पिठाचा, भांड्याच्या बुडाचा आणि मिक्सरखालच्या चिकटपट्टीवरील अनुक्रमांकाचा फोटो बाबांनी त्याच वेळी काढून मला पाठवला, आणि पुढे या तीन फोटोंचा फार उपयोग झाला.

शनिवारी मी साताऱ्याला जाऊन मिक्सर खोक्यासह पुण्याला आणला आणि सोमवारी, म्हणजे खरेदीपासून बाविसाव्या दिवशी, दुकानात गेले. काउंटरवरच्या तरुणाने खोके उघडण्यापूर्वीच बिल मागितले. मी काळा कागद पुढे केला आणि काय झाले ते सांगितले. त्याने तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, ह्याच्यावर तर काहीच दिसत नाही. बिल नसेल तर आम्हाला काही करता येणार नाही, तुम्ही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा." मी त्याला मोबाइलवरील पैसे दिल्याची नोंद दाखवली, त्यात दुकानाचे नाव, तारीख, वेळ, चार हजार चारशे पन्नास रुपयांची रक्कम आणि बारा आकडी व्यवहार क्रमांक एवढे सगळे होते. त्यावर तो म्हणाला की, हे पैसे दिल्याचे झाले, मिक्सर घेतल्याचे नाही. त्याचे बोलणे उद्धट नव्हते आणि त्याच्या दृष्टीने त्यात तथ्यही होते, परंतु समोरच्या संगणकावर ती तारीख घालून पाहावी असे त्याला एकदाही वाटले नाही, आणि या दुकानाच्या सेवेतली मुख्य उणीव मला तीच वाटते.

सेवा केंद्राबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तेथे सांगण्यासारखे फारसे घडले नाही. टोकन घेऊन पाऊण तास थांबल्यावर मला असे सांगण्यात आले की, बिल नसल्यास वॉरंटी अनुक्रमांकावरून कळणाऱ्या उत्पादनाच्या महिन्यापासून मोजली जाईल. मिक्सर आम्ही घेतला तेव्हाच तो तयार होऊन अकरा महिने झाले होते, म्हणजे दोन वर्षांच्या वॉरंटीतले अकरा महिने दुकानाच्या फडताळातच संपले, असा त्याचा अर्थ. शिवाय दुरुस्ती होईल, पण वस्तू बदलून मिळणार नाही, कारण बदलून देणे हा विक्रेत्याचा विषय आहे. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का नाही आणि कार्डावर आईचे नाव आहे तर पैसे माझ्या खात्यातून गेले आहेत, याही दोन हरकती त्यांनी घेतल्या. पाडव्याच्या गर्दीत कार्डावर शिक्का मारून घ्यायचे माझ्याकडून राहिले होते, हे खरे आहे. नावाची हरकत मात्र गैरलागू होती. ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाची जी व्याख्या केली आहे, तिच्यात पैसे देणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही येते. त्यामुळे मी विकत घेतलेल्या मिक्सरची आईसुद्धा ग्राहकच ठरते.

दुकान सेवा केंद्राकडे बोट दाखवते आणि सेवा केंद्र दुकानाकडे, अशा टोलवाटोलवीत बहुतेक लोक दोन खेटे घालून दमतात आणि दुरुस्तीवर समाधान मानतात. मीही कदाचित तेच केले असते. परंतु माझी एक मैत्रीण कर सल्लागार आहे आणि तिने फोनवर मला एकच प्रश्न विचारला: "बिलाची दुसरी प्रत कुणाकडे असते?" वस्तू व सेवा कराच्या नियमांनुसार मालाचे बिल तीन प्रतींत करायचे असते, मूळ प्रत घेणाऱ्याची, दुसरी वाहतूकदाराची आणि तिसरी खुद्द विक्रेत्याची. शिवाय त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून बहात्तर महिने, म्हणजे सहा वर्षे, व्यापाऱ्याने आपले हिशेब आणि त्यांचे कागद जपून ठेवणे त्याला बंधनकारक आहे. बावीस दिवसांपूर्वीचे बिल दुकानात नाही असे होऊच शकत नव्हते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात त्यातला हा प्रकार होता. फक्त कळसा त्यांच्या काखेत होता आणि वळसा आम्हाला घालावा लागत होता.

बुधवारी मी पुन्हा दुकानात गेले. या वेळी एका कागदावर खरेदीची तारीख, पैसे दिल्याची वेळ, रक्कम, बारा आकडी व्यवहार क्रमांक, मिक्सरचा अनुक्रमांक आणि माझा मोबाइल क्रमांक सुवाच्य अक्षरांत लिहून नेला होता, आणि खाली दोनच वाक्ये होती: आपल्या नोंदींतून या विक्रीचे बिल शोधून त्याची प्रत द्यावी, वस्तू सदोष असल्याने ती बदलून द्यावी किंवा पैसे परत करावेत. त्या कागदाची दुसरी प्रत पोच घेण्यासाठी सोबत ठेवली होती. काउंटरवर तोच तरुण होता. पोचेची सही करायची म्हटल्यावर त्याने आतल्या खोलीतून मालकांना बोलावले.

मालक साठीच्या पुढचे, शांत बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी कागद पूर्ण वाचला, मला बसायला खुर्ची दिली आणि हिशेबाचे काम पाहणाऱ्या बाईंना हाक मारली. बाईंनी तारीख घातली. पाडव्याची बिले दीडशेच्या वर होती. मग त्यांनी रक्कम घातली, तेव्हा चार बिले उरली. वेळ जुळवली तेव्हा एक उरले, आणि त्यावर माझा मोबाइल क्रमांक होता. या सगळ्याला पाच मिनिटेही लागली नाहीत. ज्या कामासाठी मला दोन दिवस रजा घ्यावी लागली, आईला मिक्सरविना बसावे लागले आणि बाबांना आपण बिल खराब केले या विचाराने रात्री झोप लागली नाही, ते काम पाच मिनिटांचे होते, ही गोष्ट मला आजही बोचते.

बिल तर सापडले, पण त्यावर मिक्सरचा अनुक्रमांक नव्हता. नुसता मॉडेलचा क्रमांक होता. मालकांनी येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली आणि ती मला पटली. ते म्हणाले, "ताई, आम्ही बिल मागतो ते दोन कारणांनी. माल परत घेतला की आम्हाला क्रेडिट नोट करावी लागते, तिच्यावर मूळ बिलाचा नंबर लागतो, नाहीतर भरलेला कर आमच्या अंगावर पडतो. आणि दुसरं म्हणजे लोक दुसरीकडून घेतलेला माल आमच्या गळ्यात घालतात." क्रेडिट नोट म्हणजे परत घेतलेल्या मालाची रक्कम आणि तिच्यावरचा कर मूळ बिलातून वजा केल्याचा कागद. दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. दुकानदार बिल मागतो म्हणजे तो फसवतोच, असे मानणे अन्यायाचे होईल. परंतु या दोन्ही अडचणी नीट पाहिल्या तर असे दिसते की, दुकानाला गरज असते ती बिलाच्या क्रमांकाची, गिऱ्हाइकाच्या हातातल्या त्या कागदाची नव्हे. तो क्रमांक त्यांच्याच संगणकात असतो. आणि माल आपलाच आहे की नाही, हे कळण्यासाठी अनुक्रमांक पुरेसा असतो, फक्त तो विकताना बिलावर लिहिण्याची तसदी घ्यावी लागते. मी हे त्यांना सांगितले. त्यांनी घाऊक व्यापाऱ्याकडून आलेल्या मालाचे चलन काढले, त्यात अनुक्रमांकांची यादी होती आणि आमचा क्रमांक तिच्यात सापडला.

बिलाच्या प्रतीच्या तळाशी 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही नेहमीची ओळ छापलेली होती आणि तिच्याकडे काउंटरवरच्या तरुणाने माझे लक्ष वेधले. या ओळीविषयी लोकांच्या मनात बराच गोंधळ आहे, म्हणून त्यावर थोडे थांबते. साडीचा रंग घरी गेल्यावर आवडला नाही, किंवा दुसऱ्या दुकानात तीच वस्तू स्वस्त दिसली, म्हणून माल परत घ्या असे म्हणण्याचा हक्क गिऱ्हाइकाला कायद्याने दिलेला नाही. तेथे दुकानाची मर्जी चालते. सदोष मालाची गोष्ट वेगळी आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, ज्याचा बहुतांश भाग २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्याच्या कलम २ मधील सत्तेचाळिसाव्या पोटकलमात अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. सदोष माल परत घेण्यास आणि बिलावर लिहिलेल्या मुदतीत, तशी मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, पैसे परत करण्यास नकार देणे हे त्या यादीत स्पष्टपणे आहे. विकलेल्या मालाचे बिल न देणे हेही त्याच यादीत आहे. तेव्हा त्या छापील ओळीने सदोष मिक्सरची जबाबदारी संपत नाही, आणि मूळ बिल नजरेसमोर नाही म्हणून माल सदोष असल्याचे वास्तवही बदलत नाही; बिल हा खरेदीचा एक पुरावा आहे, तोच एकमेव पुरावा आहे असे नव्हे. हे सांगताना माझा आवाज चढला नाही याचे मला समाधान आहे, कारण मालकांनीही ते शांतपणे ऐकून घेतले आणि "ती ओळ आमच्या वडिलांच्या वेळेपासून छापतोय" एवढेच म्हणाले.

शुक्रवारी कंपनीचा तंत्रज्ञ दुकानात आला. त्याने भांडे उघडून दाखवले तेव्हा पात्याच्या दांड्याभोवतीचे बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळी, तिरके बसलेले होते. त्यामुळे पाते जड फिरत होते, मोटरवर ताण येत होता, बुशमधले वंगण पिठात उतरत होते आणि गळलेले पाणी कपलरच्या कडेने मोटरपर्यंत गेले होते. आईच्या वापरात कोणतीही चूक नव्हती, असे त्याने लेखी दिले. मालकांनी पैसे परत किंवा तोच मिक्सर नवा, असे दोन्ही पर्याय पुढे ठेवले. आईला त्या भांड्यांचा आकार सोयीचा वाटत होता, म्हणून मी नवा मिक्सर घेतला. काउंटरवरच तिन्ही भांड्यांत पाणी घालून तो प्रत्येकी एक मिनिट चालवून पाहिला आणि भांडी कोरड्या कागदावर ठेवून खाली ओल येते का, तेही तपासले. हे मला खरे तर पाडव्यालाच करता आले असते. खरेदीपासूनचा तो सव्विसावा दिवस होता.

आता दुकानाविषयी माझे मत. मालाची निवड भरपूर आहे आणि भाव रास्त आहेत. छापील कमाल किमतीपेक्षा बऱ्याच कमी किमतीत आम्हाला मिक्सर मिळाला होता. मालक सचोटीचे आहेत. परंतु दुकानाची सेवा मालकांच्या खोलीत सुरू होते आणि काउंटरवर ती जवळजवळ नाही. जी व्यक्ती लेखी कागद घेऊन, रजा काढून दुसऱ्यांदा येऊ शकते, तिलाच मालकांपर्यंत पोहोचता येते. माझी आई एकटी गेली असती तर ती पहिल्याच दिवशी परत फिरली असती आणि मिक्सर माळ्यावर गेला असता. म्हणून मी या दुकानाला पाचांपैकी तीन तारे देते. सेवा केंद्राला मी एकच तारा देईन, कारण बिलाची प्रत दुकानातून मागवून घ्या, एवढा साधा सल्लासुद्धा तेथे कुणी दिला नाही.

मी रोख पैसे दिले असते तर काय झाले असते, हा प्रश्न बाबांनी मला विचारला आणि तो योग्य आहे, कारण साताऱ्यात आई-बाबांची बहुतेक खरेदी रोखीनेच होते. तेव्हा काम अधिक अवघड झाले असते, पण अशक्य नव्हे. तारीख, अंदाजे वेळ आणि रक्कम एवढ्यावरूनही दुकानाच्या नोंदी शोधता येतात. बिल करताना मोबाइल क्रमांक दिलेला असेल तर तो पुरेसा ठरतो. अनुक्रमांकावरून तो नग कंपनीने कोणत्या वितरकाकडे पाठवला होता हेही कळू शकते. दुकानाने शोधण्यासच नकार दिला असता, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवणार होते आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार होते. वस्तूची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर आयोगाकडे कोणतेही शुल्क लागत नाही, वकील देण्याची सक्ती नाही, तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते, आणि २०१९ च्या कायद्यामुळे तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे पुण्याच्या दुकानाविरुद्ध आई साताऱ्यातच दाद मागू शकली असती. ही वेळ आली नाही याचा मला आनंद आहे.

निघताना मी मालकांना दोन विनंत्या केल्या. पहिली अशी की, काउंटरवरच्या मुलांना बिल शोधण्याची मुभा आणि सूचना द्यावी. दुसरी अशी की, वॉरंटी कार्डावर शिक्का मारल्याशिवाय आणि बिलावर अनुक्रमांक लिहिल्याशिवाय खोके गिऱ्हाइकाच्या हाती देऊ नये. दुसरी विनंती त्यांनी तेथेच अमलात आणली. नव्या बिलावर त्यांनी स्वतः बॉलपेनने अनुक्रमांक लिहिला, कार्डावर शिक्का मारून तारीख घातली आणि बिलाची एक प्रत माझ्या मोबाइलवर पाठवली. पहिलीचे काय झाले, ते पुढच्या खेपेला कळेल. रविवारी मिक्सर साताऱ्याला पोहोचला. बाबांनी बिलाची झेरॉक्स काढून फायलीत काळ्या कागदाच्या शेजारी लावली आणि आईने पुन्हा उडदाची डाळ भिजत घातली.